दोन ओळी खालचा गांधार

मिसळणाचा डबा कसा लावावा, याविषयी आमच्या घरात एकच मत चालते, आणि ते माझे नाही. मधल्या वाटीत मोहरी, तिच्या एका अंगाला जिरे, दुसऱ्या अंगाला हळद, मग तिखट, धनेपूड आणि बाकीची मंडळी. सात वाट्यांचा तो गोल डबा सौभाग्यवतीने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात जसा लावला, तसाच तो आजही आहे. एकदा ती माहेरी गेली असताना मला, म्हणजे एका गणिताच्या शिक्षकाला, त्या डब्यात शिस्त आणण्याची लहर आली. मी वाट्या रंगाच्या क्रमाने लावल्या. डबा इतका देखणा दिसू लागला की मी तो दोनदा उघडून पाहिला. परत आल्यावर तिने सवयीप्रमाणे न बघता मधल्या वाटीत चमचा घातला आणि कढईत मोहरीऐवजी मेथी पडली. त्या दिवशीची आमटी मी मुकाट्याने खाल्ली. ती एवढेच म्हणाली, "अहो, डबा बघायला नसतो, फोडणीला असतो."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले होते. पण गेल्या दिवाळीपासून ते मला जवळजवळ रोज आठवत आले आहे. कारण मिसळणाच्या डब्यासारख्याच, मधल्या एकीभोवती सहा अशा बसवलेल्या तब्बल २८० षट्कोनी पट्ट्या आमच्या सांगलीच्या घरात येऊन दाखल झाल्या, आणि त्या कशा लावायच्या हे ठरवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

हा पराक्रम आमच्या भाच्याचा. तो हॉलंडात नोकरीला असतो. दिवाळीला येताना लोक चॉकलेटे आणतात. याने एक लांबलचक खोके आणले. आत एक विजेवर चालणारे वाद्य होते. पेटीला असतात तशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याला मुळीच नव्हत्या. सगळ्या पट्ट्या सारख्या, सहा कोनांच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. घरातल्या मुलांनी त्याचे नाव लगेच 'पोळे' असे ठेवले, आणि तेच पुढे रूढ झाले.

"मामा," भाचा म्हणाला, "यातल्या कुठल्या पट्टीतून कुठला सूर निघावा, हे आधीपासून ठरलेलं नाही. ते तुम्ही ठरवायचं. पेटीच्या एका सप्तकात बारा सूर असतात; इथे बावीस घ्या, एकतीस घ्या, त्रेपन्न घ्या. एकच पथ्य पाळायचं. उजवीकडच्या पट्टीला जेवढं अंतर द्याल, तेवढंच ते सगळ्या पोळ्यावर उजवीकडे राहिलं पाहिजे. तिरक्या दिशांचंही तसंच."

या पथ्याचा फायदा पेटीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. पेटीवर गाणाऱ्याचा षड्ज बदलला की वाजवणाऱ्याची बोटे बदलतात. काळी चारला गांधार पांढऱ्या पट्टीवर येतो, तर काळी तीनला तो काळ्या पट्टीवर जातो. एकीकडे अंगवळणी पडलेली तान दुसरीकडे अडखळते. म्हणून तर स्केल चेंजरच्या पेटीत पट्ट्यांचा सगळा सांगाडाच सरकवण्याची सोय करावी लागली. पाउल फॉन यांको या हंगेरियन गृहस्थाने १८८२ साली पियानोसाठी सहा ओळींची समरूप मांडणी काढली, तीही याच कटकटीतून सुटण्यासाठी. तिच्यात कुठूनही सुरुवात केली तरी बोटांची ठेवण तीच राहते. आपल्या संगीतात षड्ज हा गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर फिरणारा. तेव्हा असली मांडणी आपल्याकडेच आधी सुचायला हवी होती, असे मला वाटून गेले.

परंतु भाच्याने ते ओझे एवढ्या दूर वाहून आणले होते, ते माझ्या करमणुकीसाठी नव्हे. त्याचे कारण त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का.

अक्का मिरजेला एका गुरुजींकडे किराण्याची गायकी शिकली. तिने मैफिली फारशा केल्या नाहीत. पण तंबोरा जुळवायला बसली की एकेका तारेपाशी अर्धा अर्धा तास रमणारी बाई. मी तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. पेटी मी बघून बघून शिकलो आणि तिच्या साथीला बसू लागलो. आमचे खटके उडत ते एकाच जागेवरून. "तुझी पेटी माझा गांधार ओढते," असे ती म्हणे. मी म्हणे, "पेटी ट्यून केलेली आहे. तुझाच गांधार उतरतो."

१९८७ च्या गणेशोत्सवात आमच्या वाड्याच्या चौकात तिचे गाणे होते. यमन चालला होता. यमनात गांधारावर मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम आला की लपायला जागा नसते. तिने गांधार लावला, मी तो धरला. ती थांबली. पुन्हा लावला, मी पुन्हा धरला. शेवटी तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, "पेटी मिटव." चौकात शे-दीडशे माणसे होती. मी भाता मिटवला, खटके आत सारले आणि उरलेले गाणे हाताची घडी घालून ऐकले. त्यानंतर मी तिच्या साथीला कधी बसलो नाही. येणेजाणे चालू होते, भाऊबीज कधी चुकली नाही; पण घरात ती गायला बसली की मला बाजारात काही तरी काम आठवे.

आता यात खरे कोण होते, हे मला त्यानंतर काही वर्षांनी कळले. मात्र मी ते तिला सांगितले नाही. हिशोब अगदी सोपा आहे. पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधले अंतर १०० भागांचे धरले, तर पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून बरोबर ४०० भागांवर येतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो, तो कंपनसंख्येच्या पाचास चार या प्रमाणातला. तो ३८६ वर असतो. म्हणजे पेटी चौदा भाग चढी. धैवताला तर ती सोळा भाग चढते. बारा स्वर सारख्या अंतरावर बसवण्यासाठी पाश्चात्त्यांनी जी तडजोड केली, ती पेटीबरोबर आपल्या घरात आली. अक्का तंबोऱ्याशी इमान राखून होती, मी कारखान्याशी.

ही तक्रार काही एकट्या अक्काची नव्हे. आपल्याच कृष्णाकाठचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. या कामी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांचे साहाय्य झाले होते. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या खटपटीने लंडनमध्ये श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न निघाला, पण विद्वानांचे एकमत काही झाले नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत किलकिलेही केले नाही. एवढा मोठा वाद आमच्या वाड्याच्या चौकात दोन भावंडांत निकालात निघणे शक्यच नव्हते.

तर मी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर षट्कोन आखायला बसलो.

पहिली मांडणी मी केली ती गणित्याच्या हौसेने. १७३९ साली ऑयलर या थोर गणितज्ञाने स्वरांच्या नात्यांची एक जाळी मांडली होती. तिच्या धर्तीवर मी उजव्या हाताला पंचम ठेवला आणि उजवीकडे वर तिरका गांधार. षड्ज, पंचम आणि गांधार, तिघे एकमेकांना बिलगून! ज्यांचा संवाद अधिक ते शेजारी, ही कल्पनाच किती सुरेख! मी तीन बोटे टेकवली आणि पोळ्यातून असा काही मेळ उमटला की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मी नुसते 'सा रे' वाजवायला गेलो. त्याच सप्तकातला रिषभ षड्जाच्या थेट वर, सहा ओळी पलीकडे निघाला! सरगम वाजवताना माझा हात जिन्यावरून मांजर पळावे तसा वरखाली पळू लागला. नात्याने जवळचे सूर जवळ आले होते, पण गाण्यात एकामागून एक येणारे सूर दूर गेले होते. सौभाग्यवतीने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "हा तुमचा रंगाच्या क्रमाने लावलेला डबा."

दुसरी मांडणी भाच्याच्या सांगण्यावरून केली. फोकर नावाच्या डच पदार्थवैज्ञानिकाने १९५० साली सप्तकाचे ३१ समान भाग करणारा एक मोठा ऑर्गन बांधवून घेतला होता. भाच्याने तो ॲमस्टरडॅमला पाहिला होता. ही मांडणी हाताला फार गोड. सा, रे, ग एका ओळीत शेजारी शेजारी, आणि गांधार ३८७ वर, म्हणजे स्वयंभू गांधाराहून जेमतेम एका भागाने वेगळा. मला वाटले, सुटला प्रश्न! मी पोळे उचलून रिक्षात घातले आणि अक्काच्या घरी गेलो. कित्येक वर्षांनी मी तिच्यापुढे काही वाजवणार होतो. तिने काही न बोलता तंबोरा घेतला. मी गांधार दाबला. तिने मान हलवली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच मी पंचमावर गेलो. अक्काने तंबोऱ्याची पंचमाची तार एकदा, दोनदा छेडली, आणि माझ्या पट्टीकडे बोट केले. "ऐक. लाटा येताहेत."

खरेच येत होत्या. तार आणि पट्टी यांच्या मिश्रणातून आवाज हळूहळू फुगत होता आणि ओसरत होता. एकतीस भागांच्या मांडणीत गांधार साधतो तो पंचमाच्या जिवावर. पंचम पाच भाग उतरतो. शिवाय एकेका स्वराच्या ज्या दोन दोन श्रुती आपण मानतो, चढी आणि उतरी, त्यांतली कैक जोडपी तिच्यात एकजीव होऊन जातात. "गांधारासाठी पंचम विकलास?" अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी रिक्षा बोलावली.

तिसरी मांडणी बोझँकेट नावाच्या ऑक्सफर्डच्या विद्वानाची. सप्तकाचे ५३ भाग करणारी त्याची हार्मोनियम आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १८७७ साली या गृहस्थाने हिंदूंच्या सप्तकविभागणीवर एक निबंध लिहून तो रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला होता, हे वाचून मला तो आमच्या आळीतलाच वाटू लागला. त्रेपन्नाची खुबी अशी की पंचमावर पंचम चढवत त्रेपन्न वेळा गेले, तर आपण जवळजवळ बरोबर षड्जावर परत येतो. त्यामुळे पंचम निर्दोष राहतो, गांधारही दीड भागाच्या आत बसतो. आणि एक विभाग जवळजवळ एका प्रमाणश्रुतीएवढा, म्हणजे चढ्या आणि उतऱ्या रिषभात जे अंतर मानतात तेवढा भरतो. उजवीकडच्या पट्टीला नऊ विभाग दिले, वर तिरकीला पाच आणि खाली तिरकीला चार. मग काय गंमत झाली पाहा! षड्जाच्या वरच्या बाजूला एक कोमल रिषभ, खालच्या बाजूला दुसरा, त्याहून एका श्रुतीने उतरलेला. रिषभाच्या वर-खाली तसेच दोन कोमल गांधार. भरतमुनींच्या काळापासून ज्या बावीस श्रुतींवर पंडित भांडत आले, त्या जोडीजोडीने एकमेकींच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. मी त्या बावीस पट्ट्या पिवळ्या उजेडाने उजळवल्या. उरलेल्या एकतीस अंधारात ठेवल्या. दिवाळीतल्या पणत्यांसारखे ते पोळे दिसू लागले.

अडचण एकच होती. सा, रे वाजवून बोट सरळ पुढे गेले की जो गांधार लागतो, तो पेटीच्या गांधाराहूनही चढा! हवा असलेला गांधार त्या सरळ ओळीत नव्हताच. तो दोन ओळी खाली होता. धैवत आणि निषादही तसेच, पंचमाच्या ओळीखाली दोन ओळी. यमन वाजवायचा म्हणजे सा-रे वर, मग बुडी मारून ग आणि तीव्र म, एक ओळ चढून प, पुन्हा बुडी मारून ध-नी, आणि मग तार षड्ज. पन्नास वर्षे सरळ रेषेत चाललेली माझी बोटे, त्यांतली दोन संधिवाताने आखडलेली, पुन्हा पुन्हा त्या चढ्या गांधारावर जाऊन आदळत.

मी पानांमागून पाने खराब केली. गांधार ओळीत यावा, पंचम ढळू नये, श्रुती वेगळ्या राहाव्यात आणि सरगम हाताशी असावी, या चारही गोष्टी एकदम देणारी मांडणी शोधत होतो. आणि एका दुपारी, अगदी शाळेतल्या पोराला उमगावे तसे, मला उमगले की असे होणारच नाही. पंचम शुद्ध ठेवून पंचमांनीच बनलेल्या दोन पूर्ण स्वरांची सरळ पावले टाकली की आपण ४०८ भागांवर पोचतो. स्वयंभू गांधार ३८६ वर आहे. या दोहोंमधली फट पोळ्याने निर्माण केलेली नाही. ती सुरांतच आहे. ती एकतर पंचम उतरवून बुजवायची, नाहीतर हाताने ओलांडायची. आणि १९८७ साली मी काय केले होते? माझ्या बोटांना जो गांधार सोपा, तोच अक्काने गावा असा हट्ट धरला होता. पेटीला तो हट्ट सोडता येत नाही, कारण तिच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. मला सोडता आला असता. निदान मुक्कामाच्या जागी बोट उचलून गप्प बसता आले असते.

मग मी मांडणी बदलण्याचे सोडले आणि हात बदलायला घेतला. रोज पहाटे अर्धा तास, आवाज कमी करून. सा, रे, आणि बुडी. श्रावणापर्यंत बोटे न बघता खाली जाऊ लागली.

आणि श्रावणातच अक्का तापाने आजारी पडली. महिनाभराने उठली, तेव्हा काळी चारचा तिचा षड्ज तिला पेलेना. तंबोरा काळी तीनला उतरवताना तिचा चेहरा कसा झाला, ते मी लिहीत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गळा खाली येतो, यात नवल नाही. पण ज्याचा येतो त्याला ते एक घर सोडल्यासारखे वाटत असावे. मी मनात हिशोब केला: काळी चारहून काळी तीन म्हणजे एक पूर्ण स्वर; पोळ्यावर एक पट्टी डावीकडे. बस्स, एवढेच. पणत्या एक घर सरकल्या. रे तिथेच शेजारी, गांधार तिथेच दोन ओळी खाली. पेटीवर मला सारे पुन्हा शिकावे लागले असते; इथे माझ्या हाताला कळलेही नाही की अक्काचा षड्ज उतरला आहे.

कोजागिरीला आम्ही तिच्या गच्चीवर जमलो. दूध आटत होते, मुले पत्ते खेळत होती. अक्काने यमन सुरू केला. बऱ्याच वेळाने ती गांधारावर येऊन थांबली. माझे बोट खाली गेले. आवाज कापरा होता, पण सूर जागच्या जागी होता. तंबोरा, गळा आणि पट्टी यांत कोण कुठले ते क्षणभर कळेना. मी डोके वर केले नाही. वाटत होते, आता थांबेल. ती थांबली नाही.

नंतर दूध पिताना मी धीर करून म्हणालो, "दरबारीचा कोमल गांधारही यात आहे. तो उतरा, खालचा."

"असेल," ती म्हणाली. "पण तो कुठे एका जागी बसतो? तो झुलतो. झुलत्या माणसाला पाट मांडून काय करशील?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. २८० पट्ट्या असोत की २८ हजार, पट्टी म्हणजे पाय ठेवण्याची जागा; दोन पायऱ्यांच्या मधून जी मींड जाते, तिला पट्टी पुरत नाही. दरबारी गाताना मी हाताची घडी घालून बसावे, हेच बरे. आता त्याचे वाईटही वाटणार नाही.

मी पोळे खोक्यात ठेवू लागलो, तेव्हा अक्का तंबोऱ्याला गवसणी घालत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "गांधार ठीक आहे. रिषभावरून निघायची तेवढी घाई करतोस."

आयुष्यात कुठलीही शाबासकी मला इतकी गोड लागली नसेल. कारण चूक सांगितली, याचा अर्थ उद्या पुन्हा बसायचे आहे.